घोट्याच्या हाडाची साक्ष

बोकडाच्या मागच्या पायात, नडगी संपून पावलाचा भाग सुरू होतो त्या सांध्यात, एक छोटे, चौकोनी, टणक हाड असते. मटणाच्या रश्श्यात ते कधीतरी हाताला लागते. चोखण्याजोगे त्यात काही नसल्यामुळे ताटाच्या कडेला जाते. शरीरशास्त्रात त्याला ॲस्ट्रॅगॅलस म्हणतात. आपण साधे घोट्याचे हाड म्हणू. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक शेळ्यामेंढ्यांची ही हाडे फाशांसारखी टाकून जुगार खेळत, आणि मंगोलियात त्यांचे खेळ आजही चालतात. नामशेष झालेल्या खुरी प्राण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना मात्र या हाडाने फाशापेक्षा फार मोठा डाव जिंकून दिला. देवमासा मुळात कोण, या प्रश्नाचे उत्तर शेवटी त्यानेच दिले.

आधी खुराकडे पाहू. खूर म्हणजे वाढलेले, जाड झालेले नख. खुरी प्राणी पावलावर चालत नाहीत, बोटांच्या टोकांवर चालतात. टाच कायम उचललेली असते. घोड्याच्या मागच्या पायात आपल्याला जो उलट वाकलेला गुडघा वाटतो तो खरे तर घोटा आहे, आणि गुडघा वर पोटाशी लपलेला असतो. अशा प्राण्यांचे दोन मोठे गण आहेत. घोडा, गेंडा आणि टापीर हे विषमखुरी. त्यांच्या शरीराचा भार मधल्या, म्हणजे तिसऱ्या बोटावर येतो. गाय, शेळी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा हे समखुरी. त्यांचा भार तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमध्ये वाटला जातो. ही विभागणी रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये पक्की केली.

बोटे मोजणे सोपे वाटते, पण ते बेभरवशाचे आहे. टापीराला पुढच्या पायांना चार बोटे असतात, तरी तो विषमखुरी. आणि वेगाने पळण्याची गरज पडली की बोटे कमी होत जातात, ती कोणत्याही कुळात. दक्षिण अमेरिकेत थोआथेरियम नावाचा एक नामशेष प्राणी होता. त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट. बाजूच्या बोटांचे उरलेले अवशेष तर घोड्याच्या पायातल्यापेक्षाही लहान. घोड्याच्या वंशावळीत मात्र तो कुठेच बसत नाही. तो लिटोप्टर्न या वेगळ्याच, पूर्ण नष्ट झालेल्या गटातला. म्हणून जाणकार बोटांवरून वर सरकतात आणि घोट्याशी थांबतात.

विहिरीवरच्या रहाटाची कप्पी डोळ्यांसमोर आणा: मध्ये खाच, दोन्ही बाजूंना उंच कडा. घोट्याच्या हाडाच्या वरच्या टोकाला अशीच एक कप्पी असते आणि तिच्यावर नडगीचे हाड मागेपुढे फिरते. ही वरची कप्पी घोड्यालाही आहे आणि गेंड्यालाही. फरक पडतो तो खालच्या टोकाला. विषमखुरींमध्ये तिथे जवळजवळ सपाट, किंचित खोगिरासारखा पृष्ठभाग असतो. समखुरींमध्ये खालीही दुसरी कप्पी असते, आणि तिच्यावर पावलाची पुढची हाडे फिरतात. एका घोट्यात दोन बिजागऱ्या झाल्या. पाय पुढेमागे भरपूर झेपावतो, आणि आडवा मुरगळत नाही. उडी आणि पळणे यांसाठी याहून सुटसुटीत रचना सापडणे अवघड. म्हणूनच पाच कोटींहून अधिक वर्षे, सशाएवढ्या आद्य समखुरींपासून जिराफापर्यंत, ती टिकून राहिली. दुसऱ्या कोणत्याही सस्तन गटात ती नाही. दोन कप्प्यांचे हाड हाती आले की बाकीचा सांगाडा न पाहताही सांगता येते, हा समखुरी.

हे हाड उपयोगाचे असण्याला आणखी एक कारण आहे: ते टिकते. प्राणी मेला की आधी तरस, कोल्हे, मगरी येतात. लांब हाडे मज्जेसाठी फोडली जातात, फासळ्या चावल्या जातात, कवटीचे पातळ भाग चुरतात. मग पाऊस येतो, नदी उरलेले वाहून नेते आणि वजनाप्रमाणे निवडून कुठेतरी गाळात टाकते. या सगळ्यातून अखंड सांगाडा वाचणे हा अपवाद असतो. घोट्याचे हाड भरीव, आत मज्जेची पोकळी नाही, आकाराने लहान. शिकारी ते फोडत बसत नाही, फार तर गिळतो. संग्रहालयात मध्यभागी उभे केलेले भव्य सांगाडे पाहून आपण थक्क होतो, पण या शास्त्राचा रोजचा व्यवहार चालतो तो मागच्या खोलीतल्या खणांत ठेवलेल्या घोट्यांवर आणि दातांवर.

दात घोट्याहूनही चिवट. दातावरच्या एनॅमलमध्ये जवळजवळ सगळे खनिजच असते, म्हणून ते कोट्यवधी वर्षे फारसे न बदलता राहते. खुरी प्राण्यांच्या दाढा तर त्यांच्या जेवणाची लेखी नोंदच. डुकराच्या दाढेवर गोल उंचवटे असतात, मिळेल ते चिरडण्यासाठी. गाय-हरणाच्या दाढेवर चंद्रकोरीच्या आकाराच्या कडा असतात, पाला कातरायला. गवत खाणाऱ्यांच्या दाढा उंच होत जातात, कारण गवतात वाळूसारखे कठीण सिलिकाचे कण असतात, वर धूळही असते, आणि दाढ आयुष्यभर झिजत राहते. जिराफाच्या कुळाची खूण तर याहून गमतीची: खालच्या जबड्यातल्या सुळ्याला दोन पाळ्या असतात. शिवालिक टेकड्यांतल्या सिवाथेरियमला प्रचंड, पसरट शिंगे होती, शरीर बैलासारखे आडवे होते आणि मान आखूड. तरी तो जिराफाचाच भाऊबंद ठरतो.

दाताच्या रसायनातून याहून पुढचे कळते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. झाडेझुडपे, भात आणि गहू दुसऱ्या पद्धतीने. दोन्हींमध्ये जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण वेगळे पडते, आणि तो फरक खाणाऱ्याच्या एनॅमलमध्ये उतरतो. शिवालिकच्या थरांतले दात आणि जुनी माती असे तपासल्यावर दिसले, की सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथली झाडी मागे हटली आणि गवताने जागा घेतली. तीन बोटांचा हिप्पारिऑन घोडा तिथे त्याआधीच, सुमारे १ कोटी ७ लाख वर्षांपूर्वी, पोहोचलेला होता. शाळेच्या पुस्तकात घोड्याच्या उत्क्रांतीचे एक चित्र असायचे: चार बोटे, तीन बोटे, एक बोट, जणू सगळे एका रांगेत शिस्तीने उभे. जीवाश्मांची नोंद अशी रांगेत येत नाही. ती झुडपासारखी फुटते, आणि त्या झुडपाच्या बहुतेक फांद्या वाळलेल्या असतात.

पण दात फसवतातही, आणि त्यांनी सगळ्यात मोठी फसवणूक केली ती देवमाशाच्या बाबतीत.

देवमासा सस्तन आहे, हे कधीचेच माहीत होते. कोणत्या सस्तनांपासून तो आला, हा वाद मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ली व्हॅन व्हॅलेन यांनी मेसोनिक्स आणि त्याच्या कुळाकडे बोट दाखवले. हे विचित्र प्राणी होते: बोटांना लहान खुरांसारखी नखे, आणि तोंडात मांस फाडणारे त्रिकोणी दात. आद्य देवमाशांचे दात आणि यांचे दात शेजारी ठेवले तर नाते असल्यासारखे वाटतेच. पुढची तीसेक वर्षे हेच बहुतेकांनी मान्य केले. याच दातांच्या जोरावर, १९२३ मध्ये मंगोलियाच्या पठारावर सापडलेली अँड्र्यूसार्कसची ८३ सेंटिमीटर लांबीची कवटीही मेसोनिक्सच्या कुळात ढकलली गेली होती. त्या प्राण्याची फक्त कवटीच मिळाली. आज तो समखुरींच्या जवळचा मानला जातो.

व्हॅन व्हॅलेन यांचे नाव आपल्याकडच्या एका दाताशीही जोडलेले आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरी गावाजवळ, दख्खनच्या दोन लाव्हाथरांच्या मध्ये अडकलेल्या गाळात, एका सस्तन प्राण्याची दाढ मिळाली. २००७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिला खर्मेरुंग्युलेटम व्हॅनव्हॅलेनी असे नाव दिले आणि ती डायनोसॉरच्या काळातल्या आद्य खुरी प्राण्याची असल्याचे मांडले. जवळून वाहणारी खर्मेर नदी आणि हे अमेरिकन शास्त्रज्ञ, दोघेही त्या नावात आले. दावा मोठा आहे आणि उभा आहे एका दाढेवर. घोटा मिळेपर्यंत मी तरी त्यावर पैज लावणार नाही.

देवमाशाच्या कोड्यात पहिला खडा टाकला तो रेणूंनी. १९५० मध्येच रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून देवमासे समखुरींच्या जवळचे असल्याचे कोणी सुचवले होते; फार कोणी लक्ष दिले नाही. नव्वदीच्या दशकात डीएनए वाचता येऊ लागला आणि चित्र पालटले. जनुकसंचात काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून कुठेतरी जाऊन बसतात. दोन प्राण्यांत नेमक्या त्याच जागी तोच तुकडा असेल, तर तो दोघांच्या समान पूर्वजाकडूनच आलेला असणार. योगायोगाने तसे घडण्याची शक्यता नगण्य. जपानमध्ये नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने असे तुकडे शोधले, आणि देवमासा व पाणघोडा हे एकमेकांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग ठरले. याचा अर्थ देवमासे समखुरींच्या शेजारी उभे नव्हते, त्यांच्या घरातच होते. उंट आणि डुक्कर पाणघोड्याला जितके जवळचे, त्याहून देवमासा अधिक जवळचा.

हाडांवर जन्म काढलेल्यांना हे पटणे कठीणच होते. त्यांचा प्रश्न रास्त होता: देवमासा जर समखुरी असेल, तर त्याच्या पाय असलेल्या पूर्वजांच्या घोट्यात दोन कप्प्या हव्यात. त्या दाखवा.

दाखवायला घोटाच नव्हता. पाकिसेटस १९८१ मध्ये सापडला तो कवटीच्या तुकड्यांवरून. १९९० मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या बॅसिलोसॉरस या लांबलचक देवमाशाचे मागचे पाय मिळाले, पण ते इतके आक्रसलेले होते आणि घोट्याजवळची हाडे इतकी एकमेकांत जुळून गेलेली, की त्यांवरून काही ठरवता येईना. १९९४ मध्ये हान्स थेविसन, तसीर हुसेन आणि मोहम्मद आरिफ यांनी पाकिस्तानातून अँब्युलोसेटस जगासमोर आणला. हा चालू शकणारा आणि पोहू शकणारा देवमासा. तरीही घोट्याचा पुरेसा चांगला नमुना हाती येत नव्हता.

मग २००१ च्या सप्टेंबरात, एकाच आठवड्यात, दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध छापून आले. मिशिगन विद्यापीठाचे फिलिप जिंजरिच आणि पाकिस्तानच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतले त्यांचे सहकारी यांना बलुचिस्तानात, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, आर्टिओसेटस आणि ऱ्होडोसेटस या देवमाशांचे हातपाय मिळाले होते. थेविसन आणि हुसेन यांच्या गटाने पंजाबच्या काला चिट्टा टेकड्यांतल्या, त्याहून जुन्या पाकिसेटसचा सांगाडा मांडला. दोन्हीकडे घोट्याचे हाड होते आणि दोन्ही हाडांना वर-खाली कप्प्या होत्या. जिंजरिच स्वतः आधी मेसोनिक्सच्या बाजूचे होते. त्यांनी हाड पाहिले आणि बाजू बदलली, जाहीरपणे, शोधनिबंधाच्या शीर्षकातच. वाद जिंकण्याहून हे अवघड असते.

दातांचे मग काय झाले? काही नाही, मांस फाडायचे तर दाताला तशी धार यावीच लागते, कुळ कोणतेही असो. सारखे काम करणाऱ्यांचे दात सारखे होतात. घोट्याच्या दुहेरी कप्पीला मात्र असे दुसरीकडून येताना कोणी पाहिलेले नाही.

उरला प्रश्न असा, की देवमासा पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर कोण होता. त्याचे उत्तर जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या दगडांत अडकून पडले होते. भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तिथून हाडांनी भरलेले खडक गोळा केले आणि १९७१ मध्ये त्यांतल्या एका लहानग्या समखुरीला इंडोह्यूस हे नाव दिले. दात आणि जबडे तेवढे वर्णिले गेले. बाकीचे दगड तसेच राहिले. राव वारले. त्यांच्या पत्नीने ते सांभाळले आणि पुढे थेविसन यांच्या हवाली केले. प्रयोगशाळेत खडक फोडून हाडे मोकळी करताना एका कवटीचा कानाचा भाग तुटला. त्या तुटलेल्या कडेत दिसले, की कानाच्या हाडाच्या पोकळीची आतली भिंत प्रमाणाबाहेर जाड आहे. अशी जाडी तोवर फक्त देवमाशांत माहीत होती; जीवाश्म देवमासा ओळखायची ती पहिली खूण होती. आणि हा प्राणी तर मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा.

मग बाकीचे अवयव तपासले गेले. घोट्यात दोन कप्प्या होत्याच. पायांची लांब हाडे आडवी कापल्यावर त्यांची भिंत फार जाड आणि आतली पोकळी अरुंद निघाली. पाण्यात चालणाऱ्याला शरीर वर तरंगून चालत नाही, तळाशी पाय टेकावे लागतात. जड हाडे त्यासाठी उपयोगी पडतात. पाणघोड्यातही तेच दिसते. तिसरा पुरावा एनॅमलमधल्या ऑक्सिजनचा. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. बाष्प होऊन उडून जाताना हलका आधी जातो. जमिनीवरच्या प्राण्याच्या शरीरातले पाणी घाम, श्वास यांतून उडत राहते, म्हणून त्याच्या दातात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. जो बराच वेळ पाण्यात असतो त्याचे कमी वाढते. इंडोह्यूसच्या दातातला ऑक्सिजन पाण्यात राहणाऱ्याचा निघाला. कार्बनची नोंद मात्र आद्य देवमाशांशी जुळली नाही. म्हणजे पाण्यात राहूनही तो खात होता काहीतरी वेगळेच. सुनील बाजपाई आणि बी. एन. तिवारी हे भारतीय शास्त्रज्ञ या कामात सहलेखक होते. निबंध २००७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. इंडोह्यूसचे वय सुमारे ४.८ कोटी वर्षे.

तो पाण्यात शिकारीसाठी नव्हे, जीव वाचवायला जात असावा, असे लेखकांनी सुचवले. उदाहरण दिले ते आफ्रिकेतल्या एका छोट्या मूषकमृगाचे. गरुड झडप घालू लागला की तो ओढ्यात उडी मारतो आणि पाण्याखाली दडून राहतो. आपल्या सह्याद्रीतली पिसोरी त्याच कुळातली. बिनशिंगांची, सशाहून थोडी मोठी, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. इंडोह्यूस दिसायला कसा असेल याची कल्पना करायची तर डोळ्यांसमोर पिसोरी आणावी आणि तिला लांब शेपूट लावावी. एक सावधगिरी हवी. इंडोह्यूस आणि आद्य देवमासे जवळपास एकाच काळातले आहेत, म्हणून तो देवमाशांचा आजोबा नव्हे, चुलत्यांपैकी कोणीतरी. वृत्तपत्रांत आजोबा छापून येतात, कारण चुलत्यांची बातमी होत नाही.

पाणघोड्याची बाजू मात्र बराच काळ लंगडी राहिली. देवमासे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, आणि पाणघोड्याचे जीवाश्म दोन कोटी वर्षांच्या पलीकडे जात नव्हते. मधल्या काळात त्यांचे पूर्वज कुठे होते? अँथ्राकोथेर नावाच्या, डुकरासारख्या दिसणाऱ्या नामशेष समखुरींकडे संशयाची सुई होती. २०१५ मध्ये केनियातल्या एपिरिजेनिस या सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वीच्या अँथ्राकोथेरच्या दाढांनी तो दुवा बराचसा जुळवला. इथे घोटा उपयोगाचा नव्हता, कारण दोन कप्प्या दोघांनाही होत्या. दाढेच्या उंचवट्यांची मांडणी कामी आली. कोणत्या प्रश्नाला कोणते हाड विचारायचे, हेच या धंद्यातले कसब.

महाराष्ट्रात शोधायला गेले तर यातले जुने काहीच मिळणार नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि देवमाशांचे पूर्वज चालत होते त्या काळातला गाळ इथे त्यावर साचून राहिलेलाच नाही. नोंद सुरू होते ती थेट नद्यांच्या काठच्या दरडींत, अलीकडच्या हिमयुगांच्या काळात. गोदावरी, घोड, मांजरा यांच्या जुन्या गाळातून रानबैल आणि पाणघोडे निघाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या गो. ल. बादाम यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे वर्णन केले. हा पाणघोडा आफ्रिकेतल्या आजच्या पाणघोड्याहून वेगळा, हेक्साप्रोटोडॉन या प्रजातीतला. खालच्या जबड्यात पुढे सहा दात. ही प्रजाती १८३६ मध्ये ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी शिवालिकच्या जीवाश्मांवरून मांडली. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख, आणि कॉटली कालवे खोदणारे अभियंते, गंगा कालवा बांधणारे. जवळ संग्रहालय नसल्यामुळे तुलनेसाठी आसपासच्या जिवंत प्राण्यांचे सांगाडे स्वतःच तयार करून ठेवण्यापासून त्यांची सुरुवात होती.

पाणघोड्याची झिजलेली दाढ ओळखायला शिकावे लागत नाही: दर उंचवट्यावर तीन पाकळ्यांची आकृती उमटलेली असते. भारतात हा प्राणी सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, म्हणजे दगडी हत्यारे घडवणारी माणसे त्याच नद्यांच्या काठी राहत असताना.